नारळ

स्टॉकबुकच्या शेवटच्या पानांवर, जिथं कुणी पाहत नाही,
मी डेक्लनसाहेबाचं इंग्रजी उतरवून ठेवायचो.
सलालाच्या बंदरावरचं शीतगृह, उणे अठरा,
बॉलपेनची शाई गोठायची.
ते काखेत धरून गरम करायचं, मग लिहायचं.

रात्रीचे नऊ वाजलेले. सुरमईचा शेवटचा ट्रक रिकामा झाला
आणि तो म्हणाला, लेट्स कॉल इट अ डे.
मी घड्याळाकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या अंधाराकडे.
ठीक आहे. साहेब म्हणतो तर दिवस.

एकदा म्हणाला, पुल युवर सॉक्स अप.
माझ्या पायांत गमबूट, आत मोजे नव्हतेच.
दुसऱ्या दिवशी घालून गेलो, गुडघ्यापर्यंत ओढले,
आणि त्याला दाखवले.
हसला नाही. भला माणूस.

अर्थ कुंजुमोन सांगायचा.
पण कधी कधी त्यालाही उमजत नसे,
मग आम्ही दोघं त्या वाक्याभोवती फिरायचो,
सीलबंद खोक्याभोवती फिरावं तसे:
वजन कळतंय, आत काय आहे ते कळत नाही.

मे महिन्यात मी रजेचा अर्ज टाकला होता,
वडिलांच्या मोतीबिंदूसाठी, एकवीस दिवस.
जूनअखेर साहेबानं बोलावलं. दार लावून घेतलं.
पेपरवेट इकडून तिकडे, तिकडून इकडे.
मग म्हणाला, वुई हॅव टु लेट यू गो.

शब्द सगळे ओळखीचे. वहीत लिहावा असा एकही नाही.
तुला जाऊ द्यायला हवं.
मी म्हटलं, थँक्यू सर.
तो खाली बघू लागला,
म्हणून आणखी एकदा म्हटलं, जरा मोठ्यानं.

नीलिमाला फोन लावला, जाऊ देतोय गं.
किती दिवस?
ते विचारायचं राहिलं, पण चेहरा सांगत होता,
हात आखडणार नाही तो.
बाजारातून पाव किलो लोबान घेतला,
दूध पावडरीचे दोन डबे,
वडिलांना ऑपरेशननंतर लावायला काळा गॉगल.

रात्री कुंजुमोननं पाकिटातलं पत्र वाचलं.
परत वाचलं.
मग गॅस बंद केला. भात अर्धा कच्चा, तसाच.

चिडायचं कुणावर?
इंग्रजीवर चिडावं तर माझी भाषा तरी कुठं सरळ आहे.
दुकान बंद करायचं, तर ती वाढवते.
बांगडी फुटली, तर वाढली म्हणते.
उंबऱ्याबाहेर निघालेल्याला जातो म्हणू देत नाही,
येतो म्हणायला लावते.
नऊ वर्षांपूर्वी मीही तेच म्हणून निघालो होतो.
डेक्लनच्या आईनंही त्याला शिकवलं असेल काहीतरी,
सुरी देताना मूठ समोरच्याकडे करावी, असं.

सकाळी डोंगरावरून धुकं उतरत होतं.
इथं या दिवसांना खरीफ म्हणतात.
तोच शब्द समुद्र ओलांडून आमच्याकडे आला
आणि भात पेरायला लागला.
त्याचं बरं झालं.

रस्त्याच्या कडेला ठेल्यांवर शहाळी रचलेली,
केळीचे घड टांगलेले, अगदी गुहागरच्या नाक्यासारखं.
मी काही घेतलं नाही. दोन रियालचं फोनकार्ड घेतलं.

अगं, म्हटलं, मला नारळ दिला.

तिकडून मिक्सरचा आवाज.
नारळ?
तिकडून कशाला ओझं आणताय,
परसात काय कमी पडलेत?

मी काही बोललो नाही.
मिक्सर थांबला.
कार्डावरची मिनिटं जात होती.
जाऊ दिली.